बेलीचा 'मी' कुठे आहे?

जुनो दियाजची 'द ब्रीफ वंड्रस लाइफ ऑफ ऑस्कर वाओ' ही कादंबरी परवा रात्री एकदाची संपवली. दोन वर्षांपूर्वी साठेक पानांवर हात टेकले होते. इंग्रजी वाक्य चालता चालता स्पॅनिशमध्ये शिरतं आणि मागे शब्दार्थांची यादी नाही. शिवाय टॉल्किनच्या अद्भुत कादंबऱ्यांचे संदर्भ, कॉमिक्स, आणि पानभर पसरलेल्या तळटीपा. या वेळी शब्द शोधणं सोडून दिलं. लहानपणी मोठी माणसं आपसात बोलत असताना अर्धंमुर्धं कळायचं आणि तरी घरात काय चाललंय ते समजायचं, तशी वाचत गेले.

२००७ साली आलेलं हे पुस्तक, दुसऱ्या वर्षी अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार मिळालेलं. कॅरिबियन बेटावरच्या डोमिनिकन रिपब्लिकमधून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसनला आलेलं कुटुंब. ऑस्कर लठ्ठ, पुस्तकांत बुडालेला, प्रेमासाठी आसुसलेला. बहीण लोला, आई बेली, आणि तिकडे बानी गावात बेलीला वाढवणारी ला इंका. घराण्यावर 'फुकू', म्हणजे शाप, आहे असं मानतात. आपल्याकडे दृष्ट लागते, ती मीठमोहरीने उतरते. फुकू कोलंबसाच्या जहाजांबरोबर बेटावर आलेला, पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा. त्यावरचा उतारा म्हणजे 'साफा'.

फुकूला माणसाचा चेहरा द्यायचा तर तो त्रुहियोचा. १९३० पासून १९६१ मध्ये गोळ्या घालून मारला जाईपर्यंत या हुकूमशहाने देश मुठीत ठेवला, राजधानीलासुद्धा स्वतःचं नाव दिलं. बेलीचे वडील आबेलार्द डॉक्टर. थोरली मुलगी देखणी, आणि त्रुहियोची नजर कुणाच्या मुलीवर पडली की काय होतं हे सगळ्यांना माहीत. म्हणून मेजवानीचं आमंत्रण येतं तेव्हा ते मुलीला घरी ठेवून एकटे जातात. पुढे घर कसं उद्ध्वस्त होतं ते लिहीत नाही. तो भाग वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. घाबरलेल्या बापाचं इतकं खरं चित्र मी क्वचितच वाचलंय.

इथवर मी या कादंबरीवर जीव ओवाळून टाकायला तयार आहे. माझी अडचण पुढे सुरू होते.

गोष्ट सांगतो तो युनिअर. ऑस्करचा मित्र, लोलाचा प्रियकर, तिला फसवणारा. बाई पानावर आली की त्याचं लक्ष आधी तिच्या शरीराकडे जातं. बेली चौदा-पंधराची होते तेव्हाही. हा पुरुषीपणा लेखकाने मुद्दाम दाखवलाय, युनिअर स्वतःचे गुन्हे कबूल करतो, हे मला समजतं. पण दाखवता दाखवता तीनशेहून जास्त पानांतला बराचसा भाग त्याच नजरेतून बघावं लागतं, आणि कित्येकदा ती नजर मजेत असते. मला वाचताना राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

लोलाला निदान स्वतःचा आवाज मिळतो. आई न्हाणीघरात हाक मारते आणि बारा वर्षांच्या लेकीला स्वतःच्या छातीतली गाठ चाचपायला लावते, तो प्रसंग मी तीनदा वाचला. त्या दोघी एकमेकींना किती ओरबाडतात! आई शिव्या देते, हात उगारते, आणि घरही तीच ओढते, दोन-दोन नोकऱ्या करून. मायेचा एक शब्द तिच्या तोंडून निघत नाही, कारण तिच्या वाट्याला तो आलाच नव्हता. ला इंकाकडे येण्याआधी, शाळेत जायचा हट्ट धरला म्हणून लहानग्या बेलीच्या पाठीवर उकळतं तेल ओतलेलं होतं. दुसऱ्याच्या घरी राबणारी पोर होती ती.

आणि हे बेली सांगत नाही. युनिअर सांगतो.

पुस्तकात कोरी पानं वारंवार येतात. आबेलार्दच्या हस्ताक्षराचा एक कागद उरत नाही. ऑस्करने पाठवलेलं शेवटचं लेखन पोहोचतच नाही. पुरुषांच्या हरवलेल्या कागदांचं दुःख इथे फार हळुवारपणे मांडलंय. बेलीच्या बाबतीत हरवायलाही काही नाही, तिच्या हाती पेनच आलं नाही. हीसुद्धा लेखकाने जाणूनबुजून ठेवलेली कोरी जागा आहे का? असेलही. दोन दिवस मी स्वतःला तसं पटवतेय, पण पूर्ण पटत नाही.

पुस्तक कपाटात गेलेलं नाही, उशाशीच आहे. ज्यांनी वाचलंय त्यांनी मला सांगा, बेलीचा भाग वाचताना तुम्हाला तिचा आवाज ऐकू आला का? मला तिची पन्नास पानं हवी होती, 'मी'ने सुरू होणारी.