परसदार आणि पोडियम

‘परदेशात राहणाऱ्यांनी इथल्या झाडांवर बोलू नये.’ आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य पडलं आणि त्याखाली भराभर अंगठे उमटले. अंगठा देणाऱ्यांत अशीही मंडळी होती, ज्यांची मुलं सनीवेल आणि मेलबर्नला आहेत. त्यांना बहुधा वाटलं असावं, हे फक्त माझ्याबद्दल आहे.

होतंच माझ्याबद्दल. इमारत ऐंशीच्या दशकातली, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पुनर्विकास ठरतोय. बिल्डरच्या चकचकीत पुस्तिकेत सहाव्या मजल्यावर पोडियम, म्हणजे सामाईक मोकळा स्लॅब, आहे आणि पोडियमवर ‘कुटुंब, शेजार आणि निसर्ग यांना जोडणारी जीवनशैली’. म्हणजे काय, तर योगा डेक, ज्येष्ठांचा कट्टा आणि हर्बल गार्डन. मी एवढंच विचारलं की मागच्या बाजूचं जांभूळ आणि दोन बुचाची झाडं यांचं काय? तर वरचं वाक्य. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा लांबलचक फॉरवर्ड: पाश्चात्त्यांकडे कुटुंब नसतं, अठराव्या वर्षी पोरांना घराबाहेर काढतात, आपल्याकडे निसर्गपूजा रक्तात आहे, आपण वडाला फेऱ्या घालतो.

घालतो ना. फांदी तोडून, बाजारातून वीस रुपयांना आणून, कुंडीत खोचून.

मी जर्मनीत लाइपझिशमध्ये राहते. शहराच्या पश्चिमेला आमची एक बाग आहे, भाड्याची, फेराइनची, म्हणजे बागवाल्यांच्या संस्थेची. श्रेबरगार्टनचं, म्हणजे अशा छोट्या भाड्याच्या बागांचं, मूळ गावच हे. ज्या डॉक्टर श्रेबरच्या नावाने अख्खा देश या बागांना ओळखतो, त्याने स्वतः यातली एकही लावली नाही; तो १८६१ साली गेला आणि हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकाने १८६४ मध्ये पालकांना जमवून संस्था काढली, तेव्हा तिला त्याचं नाव दिलं. (मुलांनी ताठ बसावं म्हणून श्रेबरने पट्ट्यांची जी यंत्रं काढली होती ती बघितली, तर बागेला त्याचं नाव द्यायला कुणाचं मन झालं नसतं.) संस्था होती मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी. पुढे गेझेल नावाच्या एका शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांना खुरपायचा कंटाळा आला आणि आईबापांना हातात खुरपं घ्यावं लागलं. एवढ्यातून हे सगळं उभं राहिलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात कुणाच्याच रक्तात काही नव्हतं.

या बागांचा कायदा १९८३ चा आहे. बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, लाउबे, म्हणजे बागेतली खोपटी, ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत, त्यात मुक्काम ठोकून राहायचं नाही. साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावायच्याच, नुसतं लॉन करून खुर्ची टाकून बसलात तर फोरश्टांडची, म्हणजे संस्थेच्या कार्यकारिणीची, माणसं फेरीला आली की पत्र येतं. दुपारी एक ते तीन आवाज नाही. आणि वर्षाचे ठरलेले तास सामाईक कामाचे: वाटा झाडणं, कुंपण कापणं, पाण्याचे पाइप हिवाळ्याआधी रिकामे करणं. नाही आलात तर तासाप्रमाणे पैसे भरा. पहिल्या वर्षी मला ही शुद्ध वेठबिगारी वाटली होती. पण त्या तासांतच शेजारचे आजोबा भेटले, ज्यांनी मला बटाट्याला माती कशी चढवायची ते दाखवलं आणि डेडेएरच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या, काळातली गंमत सांगितली: सरकारी खरेदी केंद्र बागवाल्यांच्या स्ट्रॉबेरीला दुकानातल्या भावापेक्षा जास्त पैसे द्यायचं. म्हणजे सकाळी विकायची आणि दुपारी स्वस्तात परत आणायची! त्यांची मुलगी, नातवंडं दर रविवारी केक घेऊन हजर. अठराव्या वर्षी बाहेर काढलेली मुलगी, बरं का काका.

आता लगेच दादाचं म्हणणं सांगून टाकते, नाहीतर तो ग्रुपवर सांगेल. तो म्हणतो, तुमच्याकडे बागांच्या जागा राखता आणि मग घरं मिळत नाहीत म्हणून भाड्याच्या नावाने रडता. बर्लिनमध्ये घरांसाठी बागा उठवल्या जातातच की. खरं आहे. मी ते मुद्दामच सांगत नव्हते.

पण माझा राग झाडं तोडण्यापुरता नाहीच. आमच्या सोसायटीत बोअरच्या नळाखाली सतत ओल असते. तिथे वॉचमनच्या बायकोने अळू लावलं आहे. काळ्या देठाचं. वडीचं वेगळं, फदफद्याचं वेगळं, दोन रांगांत. श्रावणात ती जुड्या करून जिन्याने वर येते, प्रत्येक दारात थांबते, कुणाच्या सुनेला बाळ झालं, कुणाचा गुडघा बदलला, सगळं तिला ठाऊक. दिवाळीच्या आसपास बुचाचा सडा पडतो. ती फुलं वेचायला सकाळी तळमजल्यावरच्या आजी आणि ‘बी’ विंगमधली पोरं एकाच वेळी उतरतात. बुचाच्या वेणीला दोरा लागत नाही. लांब दांडे एकमेकांत गुंफत जायचं, शेवटचा दांडा मागे दुमडून खोचायचा. मला ते आईने शिकवलं नाही, त्या आजींनी शिकवलं. त्यांचं आणि आईचं तेव्हा पाण्याच्या टाकीवरून बोलणं बंद होतं, तरी. ज्याला काका कुटुंबव्यवस्था म्हणतात, ती आमच्याकडे ही अशी चालत होती: कुणाला तरी काहीतरी खाली जाऊन करावं लागत होतं आणि खाली गेलं की दुसरं कुणीतरी भेटत होतं.

पोडियमवर यातलं काय होणार? स्लॅबवर दोन-तीन फूट माती, त्यात जांभूळ उभं राहत नाही. गवती चहा येईल, कोरफड येईल आणि त्याला पाणी घालायला एजन्सीचा माणूस येईल. खाली तळघरातलं पार्किंग भूखंडाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत, वर अग्निशमनच्या गाडीसाठी सहा मीटरचा फरसबंद रस्ता. बांधकाम नियमातली दहा टक्के मोकळी जागा आम्हाला लागू नाही, भूखंड चार हजार चौरस मीटरहून लहान आहे. आणि झाडांचं म्हणाल, तर राज्याच्या वृक्षकायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. आमची बुचं अजून चाळिशीत. त्यांना तोडायचं तर वयाइतकी रोपं लावून द्यायची. कुठे, ते पुस्तिकेत नाही.

हे सगळं मी तावातावाने आईला फोनवर सांगत होते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘अगं, मी कुठे उतरते आता खाली?’

आई तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले. बुचाचा सडा तिला बाल्कनीतून दिसतो, तेवढाच. दवाखान्यात न्यायचं तर दादा आणि वॉचमन तिला खुर्चीत बसवून उतरवतात. दादा-वहिनी रोज तिच्यासोबत असतात. मी रविवारी व्हिडिओ कॉलवर असते आणि माझ्या मागे टोमॅटोचे वेल असतात. फ्लॅट माझ्या आणि दादाच्या नावावर आहे, नव्या इमारतीत मिळणारी वाढीव जागाही दोघांची. त्या जागेचा आजचा भाव मी बघितलेला आहे. अंगठे देणाऱ्यांइतकाच नीट.

तेव्हा पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे ग्रुपवर लिहिलेलं इथेही लिहिते. परदेशात बसून बोलू नये हेही मी अर्धं मान्य करते. पण अर्धंच. इथे फेराइनमध्ये मला ‘त्रेसष्ट नंबर’ म्हणून ओळखतात, नाव धड कुणाला उच्चारता येत नाही, तरी माझं कुंपण वाढलं की दार वाजवून सांगतात आणि मी आजारी असले की माझ्या वाफ्यांना पाणी घालतात. माझी मेथी त्यांनी चव घेऊन नाक मुरडून परत केली, तीही प्रेमानेच. कोथरूडला मात्र मी मालक आहे आणि तिथे माझ्या बोलण्याला ‘एनआरआय सल्ला’ म्हणतात. चिडायला होतं. मग मी दुपारी एकनंतर ड्रिल चालवणाऱ्या पुण्याबद्दल काहीतरी टोचून बोलते आणि वहिनी दोन दिवस ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढंच लिहिते.

या वेळी टोचण्याऐवजी कलम लिहून पाठवलं. विकसन करारात घालायचं: मागच्या बाजूची एक पट्टी तळघरातून वगळायची, तिच्याखाली स्लॅब नको, खरी जमीन हवी, बुचं आणि जांभूळ त्याच पट्टीत राहतील, तिथे नळ हवा, लिफ्ट तळमजल्याला त्याच बाजूला उघडावी आणि वाटेत पायरी नको. देखभालीचे तास सदस्यांनी वाटून घ्यायचे, न करणाऱ्याने मेंटेनन्समध्ये जास्तीचे पैसे भरायचे. शेवटच्या वाक्यावर अपेक्षेप्रमाणे रण माजलं. ‘आम्ही काय माळी आहोत?’ ‘भाडेकरू धरायचे का?’ ‘मॅडम दर महिन्याला विमानाने येणार का?’ मी लिहिलं, मी पैसे भरेन. त्यावर वहिनीने, दोन दिवसांनी, सगळ्यांसमोर लिहिलं: ‘पैसे नकोत, आलीस की एकदम सगळे तास कर.’

दुसरं कलम वॉचमनच्या खोलीचं आहे. नव्या आराखड्यात सिक्युरिटी केबिन आहे, राहायची खोली नाही. नळाखालचं अळू ज्यांनी लावलं त्यांना कुठे जायचं, हा प्रश्न अजेंड्यावर नाही, कारण त्यांना मत नाही. त्या कलमावर काकांनी ‘विचार करू’ लिहिलंय. फॉरवर्डच्या मानाने फारच थोडक्यात.

विशेष सर्वसाधारण सभा रविवारी अकराला, इथले साडेसात. नियमाप्रमाणे चित्रीकरण होणार आहे, म्हणून वहिनी म्हणाली, त्यात तू बोलताना नीट बोल. आईला दोन्ही कलमं वाचून दाखवली. तिला दुसरं जास्त पटलं. पहिल्याबद्दल म्हणाली, झाडं ठेवा, तास वाटा, काय हवं ते करा, पण त्या भांडणात माझ्या लिफ्टला सहा महिने उशीर केलास तर तुझ्याशी बोलणार नाही.