चोर सोडून सर्वांसाठी कडेकोट बंदोबस्त

घर सुरक्षित करायचं तुम्ही मनावर घेतलंत, अभिनंदन. बहुतेक लोक हा निर्णय शेजारी चोरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घेतात, आणि मुहूर्त म्हणून ती वेळ उत्तमच. काळजात धडधड असते, हात सैल झालेला असतो आणि विचार करायला सवड नसते. अशा वेळी घराभोवती शांतपणे फेरी मारून काय काय उघडं आहे ते बघत बसू नये. ते बघितलं की झोप उडते, आणि हा सगळा खटाटोप आपण करतोय तोच मुळी शांत झोप लागावी म्हणून. तेव्हा थेट खरेदीला निघा.

आधी कुलूप. ते तळहातावर घेऊन वजन बघा आणि सगळ्यांत जड असेल ते घ्या. आत काय आहे याची चौकशी करू नका, विक्रेत्याला वाईट वाटतं. तुमच्या लॅचच्या आत साधारण पाच-सहा बारीक खिट्ट्या स्प्रिंगवर बसलेल्या असतात. योग्य किल्ली आत गेली की त्या सगळ्या एका रेषेत येतात आणि मधली नळी फिरते. अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियर यांनी १८६० च्या दशकात ही रचना आजच्या रूपात आणली. खिट्टीची मूळ कल्पना तर प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही आहे. या खिट्ट्या किती काटेकोर बसवल्या आहेत यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते तळहाताला कळत नाही. पण वजन कळतं ना? मग झालं.

आता हे कुलूप दाराला बसवा. फक्त दाराला. चौकटीकडे चुकूनही बघू नका, कारण तिथे मन खट्टू करणारं दृश्य असतं. उभ्या लाकडावर एक पातळ पत्र्याची पट्टी, मधोमध चौकोनी भोक, वर एक स्क्रू, खाली एक स्क्रू. मागच्या वेळी रंगाऱ्याने तिच्यावरूनच ब्रश फिरवलेला असल्यामुळे स्क्रूच्या खाचा बुजलेल्या. लॅचची जीभ जाऊन बसते ती याच भोकात. म्हणजे त्या जडशीळ कुलपाचा सगळा भरवसा पेराएवढ्या दोन स्क्रूंवर आणि त्यांच्यामागच्या बोटभर लाकडावर. दाराला सणसणीत लाथ बसली की कुलपाला काही होत नाही, चौकट चिरते. पंचनाम्यात ‘कुलूप शाबूत’ अशी नोंद होते आणि तुम्ही घेतलेल्या मालाचा दर्जा सरकारदरबारी सिद्ध होतो.

यावर उपाय नाही असं नाही. जाड पट्टी आणि तीनेक इंची स्क्रू घ्यायचे, ते चौकटीतून आरपार पार भिंतीत जातील असे पिळायचे, की लाथ मारणाऱ्याचाच पाय दुखतो. अर्ध्या तासाचं काम. पण त्यात दाखवण्यासारखं काय आहे? पाहुणे आले की ‘या, आमचे स्क्रू बघा’ असं म्हणणार आहात का? सुरक्षा दिसली पाहिजे. जी दिसत नाही तिचं कौतुक कोण करणार?

दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल आणि बिजागऱ्या बाहेर असतील, तर त्यांना दर महिन्याला तेल घाला. बिजागरीचा खिळा ठोकून काढणाऱ्याचा त्रास वाचतो. आणि जवळच कुठे जायचं असेल तर दार नुसतं ओढून घ्या, किल्ली फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. किल्ली न फिरवता बसलेली साध्या लॅचची तिरकी जीभ एखाद्या लवचिक प्लॅस्टिकच्या कार्डानेही मागे सरकते. पण तेवढं कार्ड बाळगण्याइतका चोर सुशिक्षित नसणारच, असं गृहीत धरायला काय हरकत आहे?

कुलूप ‘अभेद्य’ असल्याची पाटी लावता आली तर जरूर लावा. लंडनच्या पिकॅडिली भागात जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० च्या सुमारापासून असं एक कुलूप टांगलेलं होतं. हत्यार बनवून हे उघडून दाखवेल त्याला २०० गिनी, असं आव्हान सोबत. सहा दशकं ते कोणाला उघडता आलं नाही. मग १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन गृहस्थ तिथे आला. आधी त्याने चब कंपनीचं नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. खटपट झाली की स्वतःच अडकून बसणारं आणि त्यामुळे मालकाला चाहूल देणारं म्हणून ते कुलूप गाजलेलं होतं. नंतर तो ब्रामांच्या कुलपापाशी बसला आणि सोळा दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून तेही उघडलं. इंग्लंडात बराच गहजब झाला. हा हॉब्ज चोर नव्हता, कुलूप विकणाऱ्या कंपनीचा माणूस होता, आणि पुढे त्याने लंडनमध्येच स्वतःचा कुलपांचा धंदा थाटला. यात बिघडलं काहीच नाही. ज्याला आपलं कुलूप उघडता येतं त्याच्याकडूनच पुढचं घ्यावं, हा व्यवहार तेव्हापासूनचा.

किल्लीचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच: पायपुसण्याखाली. ते फारच उघडं वाटत असेल तर कुंडीखाली, किंवा दाराच्या वरच्या फळीवर, जिथे हात फिरवला की बोटाला धूळ लागते आणि किल्लीही. जगातला प्रत्येक माणूस किल्ली याच तीन जागी लपवतो. चोर हा मात्र माणूस नसल्यामुळे त्याला हे सुचत नाही. नव्या घराची किल्ली मिळाली की ती तळहातावर ठेवून फोटो काढा आणि सगळ्यांना पाठवा, दात नीट दिसतील असा. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की किल्लीच्या नुसत्या फोटोवरून तिच्या खाचांची मापं काढून दुसरी किल्ली बनवता येते. त्यांनी तर सुमारे २०० फुटांवरून, गच्चीवर दुर्बीण लावून घेतलेल्या फोटोवरूनही ते केलं. तुम्ही दिलेला फोटो त्याहून कितीतरी स्पष्ट असतो. शिवाय खाली पत्ता, आणि ‘आमचं नवं घरटं’.

किल्ल्यांचा जमाना गेला असं वाटत असेल तर आकडे दाबायचं कुलूप घ्या. चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता, चोर मोजता मोजता म्हातारा होईल. फक्त आकडा वर्षानुवर्षं तोच ठेवा, म्हणजे बटणांवर त्याची खूण उमटते. जरा वाकून बघा: दहापैकी सहा बटणं कोरी करकरीत, चार बोटांच्या तेलाने चकाकणारी. त्या दहा हजारांच्या आता चोवीस शक्यता राहिल्या. आणि आकडा जन्मसालाचा असेल, म्हणजे एक आणि नऊ चकाकत असतील, तर सुरुवात कुठून हे सांगायची गरज नाही. उरलेल्या दोन बटणांचा क्रम इकडून लावायचा की तिकडून, एवढाच प्रश्न. दोन प्रयत्न. चोराचं गणित कच्चं असेल तर तीन. आकडा अवघडच हवा असाही हट्ट नको, १२३४ हा जगभर सर्वाधिक आवडता आहे आणि बहुमताचा आदर करायला आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं.

कॅमेऱ्यांविषयी मात्र सविस्तर बोललं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या नर्स होत्या. कामाच्या वेळा अवेळी, पोलीस यायला उशीर, त्यामुळे १९६६ मध्ये त्यांनी पतीबरोबर घराच्या सुरक्षेच्या यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. दारातल्या भोकांवर वरखाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दूरूनच दार उघडायचं किंवा मदत बोलवायचं बटण. बाईंचा हेतू फारच जुनाट होता: दाराशी कोण आहे ते दार उघडण्याआधी कळावं. आपण पुष्कळ पुढे गेलो आहोत. दाराशी कोण होतं हे आपल्याला चार दिवसांनी कळतं, आणि तेही सगळ्यांना एकदमच, कारण ते चित्रण आपण गटावर टाकलेलं असतं.

त्यासाठी कॅमेरा शक्य तितका उंच लावा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीचा वरचा भाग सुबक टिपता येईल. पावसात भिजू नये म्हणून खिडकीच्या काचेआडून लावलात तर रात्री त्याच्या स्वतःच्याच अवरक्त दिव्यांचा उजेड काचेवरून परत येतो आणि रात्रभर एका पांढऱ्या धुक्याचं चित्रण होत राहतं. ते जपून ठेवा. चित्रण साठवणारा डबा टीव्हीशेजारीच, वायरसकट मांडा. टीव्ही नेताना तोही हाताशी येतो आणि पुरावा चोरीच्या मालासोबतच जातो. बजेट नसेल तर खोटा कॅमेरा आणा, लाल दिवा लुकलुकवणारा. खरे कॅमेरे सहसा लाल दिवा मिचकावत बसत नाहीत, त्यामुळे फरक ओळखणं सोपं जातं. चोरालाही.

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा घेतलात तर कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलू नका. ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’ किती गोड जोडी आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या एका प्रोग्रॅमने असेच साठेक तयार पासवर्ड घेऊन जगभर दारं वाजवली आणि लाखो कॅमेरे, राउटर, चित्रण साठवणारे डबे आपल्या ताब्यात घेतले. त्या फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबरला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या अमेरिकन कंपनीवर एवढा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. म्हणजे कोणाच्या तरी मागच्या दाराची राखण करायला बसवलेला कॅमेरा त्या दिवशी महासागरापलीकडच्या हल्ल्यात सामील होता, आणि मालक मोबाइलवर शांतपणे आपलं अंगण बघत होता. इतका पराक्रम करणारी वस्तू घरात दुसरी कोणती आहे?

अलार्मबद्दल थोडक्यात. हालणारी ऊब दिसली की तो बोंबलतो, मग ती ऊब मांजराची असो की माणसाची. पहिल्या आठवड्यात सगळी गल्ली धावत येते, दुसऱ्यात खिडक्या उघडतात, तिसऱ्यात बंद होतात. महिनाअखेर तुम्ही स्वतःच तो काढून ठेवता. आमच्या ओळखीच्या एका घरी तर अलार्मच्या बॅटऱ्या काढून भिंतीवरच्या घड्याळात घातल्या आहेत. घड्याळ उत्तम चालतं.

प्रवासाला निघताना निघाल्याची खबर द्या, पोचल्याची द्या आणि परतायची तारीख ठळक लिहा. आता कोणाला तुमच्या फाटकापाशी गोळा होणारे पेपर मोजत बसावे लागत नाहीत. दिवाणखान्यातला दिवा टायमरवर लावायचा असेल तर रोज ठीक सातला लागेल आणि ठीक अकराला विझेल असाच लावा. इतकं शिस्तीत कोण राहतं, असा प्रश्न बाहेरून बघणाऱ्याला पडला तर पडू दे.

आता राहिल्या खिडक्या. प्रत्येक खिडकीला ग्रील, तेही भिंतीत पक्कं गाडलेलं. आतून उघडणारा एखादा झरोका ठेवावा असं अग्निशमनवाले सांगतात, पण त्यांना चोरांचा अनुभव नसतो. ठेवलाच झरोका तर त्याला कुलूप घाला, कुलपाची किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटात. आग लागल्यावर धुरात, अंधारात, खोकत ही कपाटं ओळीने उघडायची. लोखंडी सेफ्टी डोअरला आतूनही किल्ली लागेल असंच कुलूप घ्या. चोर आत आलाच तर बाहेर कसा जाईल, हा त्यामागचा विचार. तुम्ही कसे जाल, हा वेगळा विषय झाला.

एवढं सगळं झालं की एक दिवस कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला तुम्ही एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकाल. मागे वारा येईल आणि दार धाडकन लागेल. किल्ली आत, मोबाइल आत, आकड्याच्या कुलपाची बॅटरी गेलेली. कॅमेरा वरून तुमच्या टक्कलाचं सुबक चित्रण करत असेल. पायपुसण्याखालची किल्लीही जाग्यावर नसेल, कारण सुरक्षेच्या उत्साहात ती गेल्याच आठवड्यात तुम्ही आत नेऊन ठेवलेली. शेजाऱ्याच्या फोनवरून किल्लीवाल्याला बोलवा. तो येईल, दाराकडे बघेल, काही न बोलता पिशवीतून प्लॅस्टिकचा एक तुकडा काढेल आणि तुमची गोष्ट सांगून व्हायच्या आत दार उघडून देईल. वेळ मोजू नका, त्याने उगीच मनाला लागतं. चहा विचारा, पैसे द्या, आणि त्याच्याकडे याहून जड कुलूप आहे का तेवढं बघून घ्या.