जित्याची खोड आणि उजवा हात

'तीस वर्षं स्वतःच्या मनाने गिटार वाजवलीत ना? मग आता पिक मारायची पद्धत बदलायला जाऊ नका. स्नायूंना लागलेलं वळण चाळिशीनंतर सुटत नाही. वेग हवा तर मेट्रोनोम लावून हळूहळू वाढवा. मनगट दुखलं की समजा, हात तयार होतोय. थोर वादक तरी कुठे शिकले होते?'

हा मजकूर मला महिन्याभरात चौघांनी पाठवला. चौघांनाही ठाऊक आहे की मी ठाण्यात, नौपाड्यातल्या घरात, त्रेपन्नाव्या वर्षी उजवा हात, म्हणजे पिक (तार छेडायची छोटी पातळ पट्टी) चालवायची पद्धत, नव्याने बसवतोय.

आधी स्नायूंचं. स्नायूंना स्मरणशक्ती नसते. हालचालीची सवय मेंदूत असते, आणि मेंदू या वयातही नवी हालचाल शिकतो, फक्त सावकाश. त्या मजकुरात एक गोष्ट अर्धी खरी आहे: जुनी सवय पुसली जात नाही, नवी तिच्या शेजारी बसते. म्हणून आमच्या सोसायटीच्या गणपतीत, समोर शंभर माणसं बघितल्यावर, माझा हात दुसऱ्याच कडव्याला जुन्या वाटेने गेला. घरी तोच तुकडा नव्या पद्धतीने निघत होता.

मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राचा, सल्ला मात्र मला महागात पडला. मिनिटाला 60 ठोक्यांवर कुठलीही हालचाल चालते, पिक कसंही धरा. 140 ला फक्त बरोबर हालचाल टिकते. उपवन तलावाकाठी सकाळी कितीही झपझप चाललात तरी चालण्याचं धावणं होत नाही, पाऊल उचलायची तऱ्हाच बदलावी लागते. तसंच हे.

माझी गोची नेमकी कुठे होती ते सांगतो. पिक तारांना किंचित तिरकं लागतं. माझं अशा बाजूला कललेलं की वर येणारा स्ट्रोक तारांच्या बाहेर, हवेत सुटायचा आणि खाली जाणारा दोन तारांच्या मध्ये रुतायचा. तारेवर दोन किंवा चार स्वर असले की शेवटचा स्ट्रोक वरचा, त्यामुळे पुढच्या तारेवर उडी सहज. तीन स्वर असले की शेवटचा खालचा, आणि पिक अडकलेलं. तीन-तीन स्वरांचा आरोह दर वेळी तार बदलतानाच अडखळायचा आणि मी त्याला तीस वर्षं 'रियाज कमी पडतोय' म्हणत राहिलो. कमी नव्हता, चुकीच्या जागी होता. उपाय असा निघाला: रुतलेलं पिक बाहेर ओढायचंच नाही, तसंच पुढे ढकलायचं आणि पुढच्या तारेचा पहिला स्वरही खालच्याच स्ट्रोकने काढायचा. हे मी हळू घोटलं नाही. सहा-सात स्वरांचा तुकडा, थेट वेगात, मग थांबून हात सैल सोडायचा. रोज वीस मिनिटं. (सतारवाले 'दा' आणि 'रा' हे उलट दिशांचे आघात सुरुवातीपासून वेगवेगळे घोटून घेतात. आम्ही मात्र कॉलेजच्या कट्ट्यावर एकमेकांची बोटं बघून शिकलो.) अवरोहाला ही युक्ती चालत नाही, तिथे माझं अजून रडगाणंच आहे.

थोर वादक शिकले नव्हते, हा मुद्दा तर उलटाच पडतो. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी स्वतः शिकला हे खरं, पण त्याच्या आधीचा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याच्या तबकड्यांवरचे तुकडे एकेक स्वर करून बसवत. इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेक 1944 चा. साठच्या दशकापासून पिकने नाव कमावलेला हा माणूस ऐंशीच्या दशकात पिक टाकून बोटांनी वाजवू लागला, म्हणजे चाळिशीच्या आसपास. वळण सुटत नाही म्हणणाऱ्यांनी त्याची आधीची आणि नंतरची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकावीत.

पिकच्या जाडीवरूनही एकाने वाद घातला. 0.73 मिलिमीटरचं टाकून 1.5 चं घेतल्यावर माझा आवाज बदलला, अडखळणं नाही.

राहिलं दुखणं. या वाक्याची मला खरी चीड आहे. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत कळ यायची, ती हात तयार होण्याची नव्हती. मी पिक चिमटीत आवळून धरत होतो आणि करंगळी गिटारच्या अंगावर रोवत होतो. करंगळी उचलली, पकड सैल केली, तीन आठवडे गिटार भिंतीवर टांगली, तेव्हा कळ गेली. बोटांना मुंग्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. आणि तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान ती ओळ तरी कापा.