कार्ड खिशात आहे, दिवस कुठे आहेत?

गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर भाचा आमच्याकडे मालगुंडला आला. दोहाला नोकरी, कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. पडवीत चहा पिताना सहज म्हणाला, "मामा, पीआरची चिंता नाय. कार्डावर 2027 ची तारीख आहे."

माझ्या पोटात गोळा आला. हेच वाक्य मी मस्कतच्या मेसमध्ये चारचौघांना ऐकवत असे.

2009 ला मी पीआर घेऊन कॅनडात लँडिंग केलं, तीन आठवडे टोरोंटोत कुडकुडलो आणि परत मस्कत. बिनटॅक्सचा पगार कोण सोडतो? मुंबईतला एजंट म्हणाला होता, कार्ड पाच वर्षं चालतं, बिनधास्त राहा. कार्ड चालतंच हो! पण कायदा कार्ड बघत नाही, पाच वर्षांत तिथे काढलेले 730 दिवस बघतो. 2014 ला कार्ड संपलं, परत जायला ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज केला, तेव्हा माझे दिवस सगळे मिळून होते 96. नकार आला. अपिलाला 60 दिवस मिळतात, ते मी 'बघू, बघू' करत घालवले. एजंटाला शिव्या घातल्या, पण पासपोर्टवरचे शिक्के मोजायला मला कोणी अडवलं नव्हतं.

खरं तर कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आमचे आजोबा गिरणीत, माळावरची जमीन दुसरा कसत होता. 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्याने कसणारा मालक झाला. आजोबा मरेपर्यंत ट्रंकेतले कागद दाखवायचे. पीआर म्हणजे सातबारा नव्हे, कुळाचा हक्क आहे. कसाल तोवर तुमचा.

भाच्याकडे दुसरा हुकमी एक्का होता. "कंपनी कॅनडाची आहे, म्हणजे दोहातले दिवसही धरतात." धरतात, पण केव्हा? कॅनडातल्या कंपनीने तुम्हाला पूर्णवेळ नोकर म्हणून ठरावीक काळासाठी बाहेर पाठवलं असेल आणि काम संपल्यावर परत तिथे घेणार असेल, तेव्हा. याचं अपॉइंटमेंट लेटर दोहातल्या उपकंपनीचं, सहीही तिथलीच. बायको कॅनडाची नागरिक असती आणि सोबत राहत असती, तरी दिवस धरले असते. तीही रत्नागिरीचीच.

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. लँडिंग 10 सप्टेंबर 2022, दोहाला निघाला नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे 425 दिवस. उरले 305. नोव्हेंबर 2026 च्या पहिल्या आठवड्यात कॅनडात पाऊल ठेवलं आणि मग सप्टेंबर 2027 पर्यंत हललाच नाही, तर पीआर वाचतो. मधला शिमगासुद्धा विसरायचा.

पासपोर्टचं गणित याहून वाईट. नागरिकत्वाला अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत 1095 दिवस लागतात आणि तिथे कंपनीने पाठवलंय ही सबब चालत नाही, सरकारी नोकरी वगैरे सोडली तर. बरं, पाच वर्षांची ती खिडकी रोज पुढे सरकते. भाचा 2026 ला परतला तर 1095 व्हायला 2029 चा नोव्हेंबर उजाडणार, आणि तोवर जुने 425 खिडकीबाहेर गेलेले. पासपोर्टच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य! हे आकडे मांडल्यावर पोरगा पहिल्यांदा गप्प झाला.

(अमेरिकावाल्यांनी यातलं काही उचलू नये. तिथे सलग सहा महिने बाहेर राहिलात की नागरिकत्वाच्या वेळी प्रश्न उभा राहतो, वर्ष झालं की सलग वास्तव्याची साखळीच तुटते. परत आत येऊ देणारं री-एंट्री परमिट ग्रीन कार्ड टिकवायला असतं, ही साखळी त्याने जोडली जात नाही.)

माझं मत विचाराल तर दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना पासपोर्ट नकोच असतो, पीआर आहे म्हणून सांगायला हवा असतो. तिथला पासपोर्ट मिळाला की भारताचा सोडावा लागतो, हेही अनेकांच्या गावी नसतं. ओसीआय, म्हणजे भारतीय मूळ असलेले परदेशी नागरिक, झालात तर बापाची कलमं वारसाने येतील, पण शेजारची बाग विकत घेता येणार नाही, बक्षीसपत्रानेही नाही. मतदान तर गेलंच. हे सगळं पटत असेल तर जावं, राहावं, कसावं. नसेल तर दोहात सुखाने पैसे साठवावेत. माझं आता आंब्यावर बरं चाललंय, खोटं कशाला बोलू.

कालनिर्णयच्या पाठीमागे लिहिलेला हिशेब भाच्याने मोबाइलवर फोटो काढून नेला. ताईला आम्ही दोघांनी यातलं काही सांगितलेलं नाही. ती आत्ताच विचारतेय, शिमग्याचं तिकीट कधी काढणार.