सोलरच्या लाईनला टॉवेल रॉड जोडू नका

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. बाथरूमचं काम काढलेल्या घरात तो मला हमखास दाखवला जातो. मजकूर साधारण असा: "टाईल्स बसवायच्या आधी सोलरच्या गरम पाण्याच्या लाईनला टी मारून स्टीलचा टॉवेल रेडिएटर जोडून घ्या. परदेशात घरोघरी असतो. पावसाळ्यात टॉवेल फुकटात वाळतात, भिंतीची ओल जाते. कुठलाही प्लंबर अर्ध्या तासात करून देतो."

टी म्हणजे लाईनमधून फाटा काढायचा जॉइंट. टॉवेल रेडिएटर म्हणजे आतून पाणी जाणाऱ्या पोकळ दांड्यांची शिडी, आम्ही त्याला रॉडच म्हणतो. मी वीस वर्षं कोल्हापुरात प्लंबिंगची कामं घेतो. यातलं एकेक वाक्य तपासून बघूया, कारण पाईप एकदा टाईल्समागे गेला की चूक काढायला टाईल्सच फोडाव्या लागतात.

"परदेशात घरोघरी असतो." थंडीच्या देशांत असतो, खरं आहे. पण तिथं तो नळाला जाणाऱ्या पाण्यावर सहसा चालत नाही. घर गरम ठेवायला बॉयलर असतो, त्याला पंप असतो आणि तेच ते पाणी बॉयलरपासून रेडिएटरपर्यंत जाऊन परत येतं. जाणारा पाईप वेगळा, परतीचा वेगळा. त्या पाण्यानं कोणी अंघोळ करत नाही. त्यात गंज रोखणारं औषध घातलेलं असतं. आपल्याकडं सोलरवरून घरात उतरणारा पाईप एकच. नळ सोडला की पाणी हलतं, बंद केला की थांबतं. पॅनेलमधलं पाणी तापून टाकीत चढतं आणि गार पाणी खाली येतं, पण हे फिरणं गच्चीवरच संपतं. बाथरूमपर्यंत त्यातलं काही येत नाही. म्हणजे मेसेजप्रमाणे टी मारून रॉड जोडला, तर पाणी एकदा आत शिरतं आणि तिथंच बसून राहतं.

कोणी म्हणेल, मग अंघोळीचं पाणीच रॉडमधून फिरवून नळाला देऊ. तसं केलं तर रोज सकाळी रॉडमध्ये रात्रभर निवलेलं पाणी आधी सोडून द्यावं लागतं आणि गरम पाण्याची पहिली धग लोखंड खाऊन टाकतं.

"टॉवेल फुकटात वाळतात." हिशेब मांडून बघा. रॉडमध्ये 5 लिटर पाणी धरा. ते 50 अंशांवरून 25 अंशांपर्यंत निवताना विजेच्या जेमतेम 0.15 युनिटइतकी उष्णता देतं. ही सगळीच्या सगळी टॉवेलला मिळाली, तरी त्यात पाव लिटर पाणीही उडत नाही. प्रत्यक्षात बरीचशी हवेत आणि भिंतीत जाते. आणि 50 अंशांचं पाणी जुलैत आणायचं कुठून? आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, सोलरच्या टाकीतला विजेचा कॉईल लावावा लागतो, मग मीटर फिरतंच.

मागच्या जुलैत राजारामपुरीतल्या एका घरी गेलो होतो. वर्षापूर्वी दुसऱ्या कोणी असाच रॉड बसवला होता. घरच्या काकू म्हणाल्या, "दादा, खालचे दोन दांडे कोमट लागतात, वरचे गारच. का ओ?" वरच्या दांड्यांत हवा अडकलेली. ती सोडायला व्हॉल्व्हच ठेवला नव्हता, आणि टाकी रॉडच्या 3 मीटर वर, म्हणजे प्रेशर 0.3 बार. एवढ्यानं हवा थोडी दबते, जात नाही. युनियन, म्हणजे उघडता येणारा जॉइंट, ढिला केला. आधी फुस्स आवाज, मग चहासारखं तांबूस पाणी. वास कुजट. खिशातलं लोहचुंबक दांड्याला लावलं तर चट्‌दिशी चिकटलं. 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलला ते सहसा चिकटत नाही. हे साधं लोखंड होतं, वरून क्रोमचा मुलामा दिलेलं. परदेशातल्या त्या बॉयलरच्या बंद चक्रातल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, म्हणून तिथं लोखंड टिकतं. आपल्याकडं नळाचं ताजं पाणी लाईनमध्ये येत राहतं, रोज नवा ऑक्सिजन आणतं, आणि रॉड आतून सडतो.

मला खरी काळजी त्या साचलेल्या पाण्याची आहे. 20 ते 45 अंशांच्या स्थिर, कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. ते शॉवरच्या तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. वयस्कर माणसं आणि दमेकऱ्यांना धोका जास्त. ज्या लाईनवर म्हातारी आई अंघोळ करते, त्याच लाईनवर असं डबकं कशाला बांधून ठेवायचं?

"भिंतीची ओल जाते." ओल पश्चिमेच्या भिंतीवर झोडपणाऱ्या पावसानं येते, नाहीतर आतल्या गळक्या जॉइंटनं. कोमट दांड्यानं ती हटत नाही. बाहेरची चीर भरा, जॉइंट शोधा. अंघोळीच्या वाफेला एक्झॉस्ट फॅन.

"अर्ध्या तासात होतं." अर्ध्या तासात पाईप चिकटवायचं सोल्युशनसुद्धा नीट धरत नाही. शिवाय सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप, तापला की लांबतो: 3 मीटरचा तुकडा 40 अंशांनी तापला तर 7-8 मिलिमीटर. रॉडच्या पितळी आट्यांवर तो ताण रोज येतो. टाईल्सआधी लाईन भरून प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे. स्वस्तात मिळतो म्हणून पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे गार पाण्याचा पाईप, तर अजिबात वापरू नका, 60 अंशांच्या पुढं तो मऊ पडतो. उन्हाळ्यात घर बंद असलं तर सोलरचं पाणी 80 च्या पुढं जाऊ शकतं.

गरम रॉड हवाच असेल तर विजेवरचा घ्या. 80 वॅटचा 4 तास चालवला तर साधारण एक तृतीयांश युनिट जातं. भिंत उघडी आहे तोवर वायरचा पाईप टाकून घ्या, पॉइंट शॉवरपासून लांब ठेवा, अर्थिंग तपासा आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा.

काकूंचा रॉड आम्ही काढला, मागच्या दोन्ही तोंडांना प्लग मारले, लाईन पुन्हा टेस्ट केली. त्यासाठी चार टाईल्स फोडाव्या लागल्या. तसं डिझाईन आता दुकानात मिळत नाही, म्हणून तिथं साध्या पांढऱ्या बसवल्यात.