‘रोजची कामं चालू ठेवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

कंबरदुखीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, ‘उसण भरली तरी झोपून राहू नका, रोजची कामं चालू ठेवा म्हणता. माझ्या नवऱ्याचं रोजचं काम म्हणजे ५० किलोची पोती. हा सल्ला खुर्चीवर बसणाऱ्यांचा.’ बरोबर आहे तुमचं. चूक माझी.

मी विसंबलो तो अभ्यास १९९५चा, हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा. कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिले, उरलेल्यांना झेपेल तितकं नेहमीसारखं वागायला सांगितलं. लवकर सावरले ते हे शेवटचे. ‘झेपेल तितकं’ हेच शब्द मी गाळले. शिवाय त्यांना आजारपणाची पगारी रजा होती. घरी बसलं तर संध्याकाळी चूल पेटेल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

म्हणून तुमच्या यजमानांसाठी नीट सांगतो. घरात उठबस करावी, थोडं चालावं, पण पाठीवर पोतं काही दिवस घेऊ नये. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत बरंच ओसरतं. ते दिवस काढायचे कशावर, हा खरा प्रश्न. कामगार विमा (ईएसआय) असलेल्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. १९६९च्या माथाडी कायद्यानं नोंदीत हमालांसाठी त्यांची मजुरी आणि कल्याण पाहणारी मंडळं आली. पण नोंदीबाहेर, टोळीत रोजावर जाणाऱ्याची कंबर धरली की त्याच दिवशी मजुरी थांबते. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, हा आकडा मी लेखात ठळक दिला. बुडालेला रोज त्यात कुठेच दिसत नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही, याचं वाईट वाटतं. यजमान मंडळात नोंदीत आहेत का, एवढं जरूर कळवा.

‘कंबर धरली म्हणून लगेच एमआरआय काढू नका’ असंही मी लिहिलं होतं; त्यावरून मात्र मी मागे हटणार नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या फिल्मवरही मणक्यातली गादी फुगलेली दिसते. ती फिल्म पाहून माणूस घाबरतो, आणि हजारो रुपये जातात ते वेगळेच. ते पैसे आत्ता घरात राहू द्या.

पण पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पडल्यावर अथवा तापासोबत दुखणं सुरू झालं, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. तिथे डॉक्टर तपासणी सांगतील ती करा. मूळ लेखात ही लक्षणं अगदी तळाशी होती. आज तिथे ती वर घेतली आहेत.