राउटरला पिन टोचण्याआधी त्याचे दिवे बघा

गेल्या रविवारी ठाण्याहून नेरूळला आत्याकडे गेले. वाय-फाय लावायला फोनमध्ये तिच्या घरचं नाव दाबलं आणि पासवर्ड न विचारताच नेट सुरू झालं.

"आत्या, पासवर्ड कुठे गेला?"

"काढायला लावला अगं त्या मुलाला. ग्रुपवर आलं होतं ना, पासवर्डमुळे स्पीड निम्मा होतो म्हणून."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'घरचं इंटरनेट सुसाट करा, टेक्निशियन तुम्हाला हे कधीच सांगणार नाही' असं वर ठळक लिहिलेला. खाली सहा उपाय: दर आठवड्याला राउटरच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, राउटरभोवती ॲल्युमिनियम फॉइल लावा, पासवर्ड काढून टाका, राउटरमधलं '५जी' बंद करा, ते टॉवरचं रेडिएशन घरात ओढतं, डीएनएस ८.८.८.८ करा म्हणजे वेग दुप्पट. आणि एवढं करूनही जमलं नाही तर ४९९ रुपयांचं बूस्टर मागवा. माझी आत्या ७१ वर्षांची, एकटी राहते, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. तिनेही यावर विश्वास ठेवला, कारण मेसेज ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाने टाकला होता. म्हणून हे लिहितेय.

पासवर्डचं आधी, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर नेट बंद पडेल. याने घरात पोलीस येऊ शकतात.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारी ईमेल वृत्तवाहिन्यांना पोचली होती. तिचा आयपी पत्ता, म्हणजे ती कुठल्या इंटरनेट कनेक्शनवरून आली ते, शोधत एटीएस कुठे आली? सानपाड्याला. नेरूळहून दुसरं स्टेशन. तिथल्या एका इमारतीत भाड्याने राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचं ते कनेक्शन होतं. त्याचे संगणक ताब्यात गेले, चौकशा झाल्या, देशभरच्या बातम्यांत तो झळकला. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं, हे नंतर पुढे आलं. त्याच वर्षी पुढच्या ईमेलींसाठी माटुंग्यातल्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. ही तेव्हाच्या सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलेली गोष्ट आहे, नवी मुंबईतल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा. आणि त्याच नवी मुंबईत आज 'पासवर्ड काढा' असा मेसेज फिरतो, तोही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या ग्रुपवर!

आयपी पत्ता बिल भरणाऱ्याच्या नावावर असतो. जिन्यात बसून तुमच्या वाय-फायवरून कुणी काही केलं, तरी पहिली बेल तुमच्या दाराची वाजते. मी आत्याच्या राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. तिच्याकडे मोबाइल, टॅब आणि टीव्ही, एवढंच. यादीत चौदा नावं. माझा फोन धरला तरी दहा उपकरणं परक्यांची, पासवर्ड काढून तिसऱ्या दिवशी! बहुतेक इमारतीतली मुलंच असतील. पण वेग वाढायचा राहिला बाजूला, दहा जण तिच्या पैशांच्या नेटवर व्हिडिओ बघत होते.

यात अर्धं खरं आहे ते सांगून टाकते. सुरक्षेसाठी जुनी डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी पद्धत निवडलेली असेल तर नव्या राउटरचं वाय-फायसुद्धा ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. पण त्यावर इलाज पासवर्ड काढणं हा नाही. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि एईएस, किंवा असेल तर डब्ल्यूपीए३ निवडायचं. त्याने वेगात जाणवेल असा फरक पडत नाही.

आता पिन. इथेच आत्याचे दिवस वाया गेले. राउटरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं म्हणजे रिस्टार्ट. तो कधीकधी खरंच कामी येतो, महिनोन् महिने चालू असलेलं यंत्र अडकतं, हे मान्य. पण भोकात पिन घालून दहा सेकंद धरणं म्हणजे रिसेट. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कंपनीने त्यात भरलेलं तुमचं युजरनेम, पासवर्ड, लाइनची सेटिंग, सगळं पुसलं जाऊ शकतं. हल्ली लँडलाइनही त्याच फायबरवर, त्याच डब्यातून येते, तिचीही सेटिंग जाते.

आत्याने सोमवारी रात्री साडीची पिन घातली. नेट गेलं आणि लँडलाइनही गेली. तिच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नसते. मंगळवारी दिवसभर तिचा फोन लागेना, शेवटी मी शेजारच्या वहिनींना फोन करून दार वाजवायला सांगितलं. टेक्निशियन आला गुरुवारी. त्याने सेटिंग भरली आणि आत्याच्या सांगण्यावरून पासवर्डही काढून दिला. एका शब्दाने तिला अडवलं नाही. याचा मला अजून राग आहे. तिला माहीत नव्हतं, त्याला माहीत असायला हवं होतं.

फॉइल. पोळ्या गुंडाळायचा कागद राउटरला तीन बाजूंनी लावलेला, त्यावर सेलोटेप. धातूवरून लहरी परततात हे खरं आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी धातूचा थर दिलेले परावर्तक बनवून एका दिशेचा सिग्नल वाढवून दाखवला होता. पण त्यांनी आधी घराचा नकाशा घेऊन परावर्तकाचा आकार ठरवला होता, आणि एका दिशेला वाढवलेला सिग्नल दुसऱ्या दिशेने कमी केला होता. आत्याच्या फॉइलची उघडी बाजू ओट्याकडे होती. ती टॅब बघते झोपायच्या खोलीत. शिवाय राउटरच्या हवा जायच्या फटी झाकल्या गेल्या आणि तो हाताला चटका बसेल इतका तापला होता.

'५जी' बंद करण्याबद्दल फार लिहीत नाही. राउटरमधला ५ म्हणजे पाच गिगाहर्ट्झ, ही लहरींची वारंवारता. मोबाइलचा ५जी म्हणजे पाचवी पिढी. पाच गिगाहर्ट्झवरच्या वाय-फायचं मानक १९९९ सालचं आहे, आपल्याकडे मोबाइलचा ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. नावातला आकडा सारखा, बाकी संबंध नाही. उलट ते बंद केलं की तुम्ही २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत जाता. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे लहरींच्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. सात मजली इमारतीत प्रत्येक घरात राउटर असताना त्या तीन चॅनलवर काय होत असेल! त्यातच मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. पाच गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतं हे खरं, म्हणून लांबच्या खोलीत २.४ आणि राउटरच्या खोलीत ५, असं वापरा.

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ती बदलून पत्ता कदाचित लवकर मिळेल, नळाला पाणी जास्त येणार नाही. कंपनीचा डीएनएस बंद पडला असेल, म्हणजे व्हॉट्सॲप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत असं झालं, तर मात्र ८.८.८.८ टाकून बघा. आणि बूस्टर मुळात आलेला सिग्नल पुढे ढकलतो. मागून लाइनच तुटत असेल तर तो काय ढकलणार? ४९९ रुपये वाचवा.

या मेसेजवर माझा खरा राग यासाठी आहे की सहाच्या सहा उपायांत बिघाड कुठे आहे हे बघायला एकदाही सांगितलेलं नाही. बाहेरून येणारी लाइन खराब आहे की घरातलं वाय-फाय, एवढं तरी आधी ठरवा. लॅपटॉप साध्या लॅन केबलने राउटरला जोडा. केबलवर नेट नीट चालतंय आणि वाय-फायवर अडखळतंय, तर राउटरची जागा बदला, कपाटातून आणि टीव्हीच्या मागून बाहेर काढा. केबलवरही जातंय, तर दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' लिहिलेला लाल लागला किंवा लुकलुकला तर प्रकाश घरापर्यंत पोचत नाहीये. तेव्हा तुम्ही घरात काहीही दाबलंत तरी उपयोग नाही. तक्रार करा, नंबर लिहून ठेवा, आणि फोनवर 'लाल लॉस लागलाय' हेच शब्द सांगा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे तो तक्रार नंबर लागतो.

आत्याचं म्हणणं होतं, नेट रात्रीच जातं. मेसेजमुळे तिला वाटलं राउटर दिवसभर तापून थकतो. मी संध्याकाळपर्यंत थांबले. सात वाजता डास येतात म्हणून तिने सरकती खिडकी ओढून घेतली आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. खिडकी उघडली, हिरवा. पुन्हा लावली, लाल. फायबरची वायर खिडकीच्या रुळातून आत आली होती आणि खिडकी लागली की वायर कोपऱ्यात चेपून वाकत होती. आतली काच केसाएवढी बारीक असते. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो.

वायर आता चौकटीत भोक पाडून घ्यायची आहे. सुतार बुधवारी येतोय. तोवर तेवढी फट उघडी ठेवून तिथे जुनी ओढणी कोंबलीय. नवा पासवर्ड आत्याने स्वतः ठरवला, बारा अक्षरांचा, आणि डायरीत लिहून ठेवला. ग्रुपवर काय टाकायचं तेही तिनेच लिहिलं: "पासवर्ड काढला असेल तर आजच परत घाला. मला विचारा कसा ते."